मैत्रीचा किनारा आणि किनाऱ्यावरची माणसे : २००१ मधील दोन चित्रपटांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

तरुण मित्रांनी एकत्र येऊन समुद्राकडे प्रवासाला निघणे हे आधुनिक कथनाचे एक परिचित सूत्र आहे. शिक्षण संपत आलेले असते, नोकरी, संसार आणि जबाबदाऱ्या समोर उभ्या असतात आणि या दोहोंच्या मध्ये काही दिवसांचा मोकळा अवकाश हाती लागतो. हा अवकाश बहुधा एखाद्या उष्णकटिबंधीय किनाऱ्यावर शोधला जातो. नारळीची झाडे, कोमट पाणी, ओळखीचे कोणी नसणे आणि वेळेचा हिशेब नसणे, या गोष्टी मैत्रीला पोषक मानल्या जातात. प्रस्तुत लेखात या सूत्रावर आधारलेल्या दोन चित्रपटांचा तौलनिक विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. पहिला फरहान अख्तर दिग्दर्शित हिंदी चित्रपट 'दिल चाहता है' आणि दुसरा आल्फोन्सो क्वारोन दिग्दर्शित मेक्सिकन चित्रपट 'ई तू मामा ताम्बिएन'. दोन्ही चित्रपट २००१ या एकाच वर्षी प्रदर्शित झाले. दोहोंचा परस्परांशी प्रभावाचा कोणताही संबंध नाही, आणि म्हणूनच त्यांतील साम्य आणि भेद अभ्यासकाला अधिक बोलके वाटतात.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. किनारपट्टीलगतच्या एका महाविद्यालयात अध्यापन करीत असताना 'दिल चाहता है' हा चित्रपट वर्गात चर्चेसाठी घेतला होता. बहुतेक विद्यार्थ्यांना तो आवडला. परंतु रापणीच्या कामावर जाणाऱ्या कुटुंबातील एका विद्यार्थ्याने एक साधी शंका विचारली. हे तिघे किल्ल्यावर ज्या ठिकाणी बसतात, तेथून नदीच्या बाजूला मान वळवली तर मच्छीमारांच्या होड्या दिसतात. त्या चित्रपटात का नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा कुतूहल अधिक होते. त्या वेळी प्रस्तुत लेखकाने चित्रपटाचा विषय मैत्री आहे, मासेमारी नव्हे, असे उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण पुरेसेही नव्हते. पुढील विवेचन म्हणजे त्या शंकेला अधिक पुरेसे उत्तर देण्याचा प्रयत्न होय.

'दिल चाहता है' : मैत्रीचे नवे रूप

'दिल चाहता है' हा फरहान अख्तर यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. आकाश (आमिर खान), समीर (सैफ अली खान) आणि सिद्धार्थ (अक्षय खन्ना) हे मुंबईतील तीन मित्र त्याचे नायक आहेत. २००१ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हिंदीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला. त्याचे महत्त्व मान्य करूनच पुढील चर्चा करणे न्याय्य ठरेल.

हिंदी चित्रपटातील मैत्री तोपर्यंत प्रामुख्याने त्यागाच्या परिभाषेत बोलत होती. मित्रासाठी प्राण देणे किंवा मित्रासाठी प्रेयसीचा त्याग करणे हे तिचे परमोच्च क्षण होते. 'दिल चाहता है'ने ही परिभाषा बाजूला सारली. येथील मित्र एकमेकांची थट्टा करतात, कंटाळतात, गप्प बसतात, एकमेकांवर रुसतात. त्यांच्यातील दुराव्याचे कारणही एखादे कपटकारस्थान नसून एक असभ्य विनोद आहे. सिद्धार्थला वयाने मोठ्या, घटस्फोटित ताराविषयी (डिंपल कपाडिया) वाटणारे प्रेम आकाशला समजत नाही. तो त्याची चेष्टा करतो आणि सिद्धार्थचा हात त्याच्यावर उठतो. इतक्या लहान ठिणगीने इतकी जुनी मैत्री विझावी, हे जीवनाला धरून आहे. मैत्रीच्या चित्रणातील हा संयम ही या चित्रपटाची खरी कमाई होय.

या कथेत गोव्याचे स्थान काय? मुंबईतील प्रसंगांनंतर आणि दुराव्याच्या आधी गोव्याचा प्रवास येतो. उघड्या टपाची मोटार, लांबवर पसरलेला रस्ता आणि शीर्षकगीत यांतून हा प्रवास उभा राहतो. मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून जातो. चित्रपटात रस्ता आहे, पण रस्त्यावरचे गाव कथेत येत नाही. गोव्यात पोहोचल्यावर जे घडते तेही पाहुण्यांमध्येच घडते. समीर एका परदेशी प्रवासिनीच्या प्रेमात पडतो आणि ती त्याला लुबाडून निघून जाते. आकाशवर भाळलेल्या तरुणीची समजूत सिद्धार्थ घालतो. म्हणजे प्रेम, फसवणूक, सांत्वन हे सारे व्यवहार बाहेरून आलेल्यांचे आपापसांतले आहेत. गोव्यातील एखाद्या स्थानिक व्यक्तीचे घर, व्यवसाय किंवा नाव प्रेक्षकाच्या स्मरणात राहत नाही.

या भागाचा कळस म्हणजे किल्ल्याच्या तटावरील दृश्य. तिघे समुद्राकडे तोंड करून बसले आहेत. दरवर्षी येथे यावे असा मनोदय आणि आयुष्य तशी सवड देईल का ही शंका, या दोहोंमध्ये त्यांचे बोलणे हिंदकळते. दृश्य साधे आणि हृद्य आहे. त्यातील रिता समुद्र ही रचनेची गरज आहे, हेही मान्य केले पाहिजे. भविष्याविषयीची अनिश्चितता दाखवण्यासाठी दिग्दर्शकाला रिकामे क्षितिज हवे होते. परंतु क्षितिज रिकामे असणे आणि किनारा रिकामा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपटात त्या एक झाल्या आहेत.

एका किल्ल्याचे नामांतर

ज्या किल्ल्यावर हे दृश्य चित्रित झाले तो बार्देश तालुक्यातील, वागातोरच्या किनाऱ्यालगतचा चापोरा किल्ला. आदिलशाही काळातील जुन्या ठाण्याच्या जागी पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात तो उभारला. छत्रपती संभाजी महाराजांच्या १६८३-८४ च्या गोवा मोहिमेच्या काळात तो काही काळ मराठ्यांच्या ताब्यात होता. त्याच्या खाली चापोरा नदी समुद्राला मिळते आणि नदीच्या बाजूला मासेमारीचा धक्का आहे. एवढा इतिहास आणि एवढा भूगोल असलेली ही जागा आज असंख्य पर्यटकांच्या तोंडी 'दिल चाहता है किल्ला' म्हणून ओळखली जाते.

या नामांतराचे खापर दिग्दर्शकावर फोडणे योग्य होणार नाही. कोणत्याही लोकप्रिय कलाकृतीचे असे होते. मात्र समीक्षकाच्या दृष्टीने ही घटना अर्थपूर्ण आहे. चित्रपटात जागेला स्वतःची अशी ओळख नव्हती, म्हणूनच ती चित्रपटाचे नाव इतक्या सहजपणे धारण करू शकली. तटावर चढून आलेले मित्रांचे गट त्याच तिघांप्रमाणे समुद्राकडे तोंड करून बसतात आणि छायाचित्र काढतात. नदीच्या बाजूला मान वळवण्याचे कारण त्यांना कथेने दिलेले नाही.

येथे एक जुना दुवा लक्षात घेण्यासारखा आहे. राज कपूर यांच्या 'बॉबी' (१९७३) या चित्रपटाची नायिका ही जॅक ब्रॅगांझा या गोव्याच्या ख्रिश्चन मच्छीमाराची मुलगी होती. प्रेमनाथ यांनी रंगवलेला तो मच्छीमार भडक आणि ठोकळेबाज होता. हिंदी चित्रपटांनी गोमंतकीय ख्रिश्चनांचे जे विनोदी साचे बनवले, त्यांत त्याचीही गणना करावी लागेल. परंतु तो कथेत होता, मुलीच्या लग्नाविषयी आणि आपल्या मानापमानाविषयी त्याला काही म्हणायचे होते. 'बॉबी'तील त्या मच्छीमाराच्या मुलीची भूमिका करणाऱ्या डिंपल कपाडिया 'दिल चाहता है'मध्ये ताराच्या भूमिकेत आहेत आणि तारा गोव्याच्या वाटेला जात नाही. हा योगायोग असला तरी सूचक आहे. अठ्ठावीस वर्षांत हिंदी चित्रपटाने किनाऱ्यावरील माणसाचा ठोकळा टाकून दिला, ही सुधारणा झाली. पण ठोकळ्याच्या जागी माणूस आला नाही. जागा मोकळी राहिली.

वास्तवात मात्र किनारा त्या काळात मुळीच मोकळा नव्हता. १९७० च्या दशकात गोव्यातील रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलर्सविरुद्ध दीर्घ लढा दिला. पारंपरिक मच्छीमारांसाठी किनाऱ्यालगतचे पाणी राखून ठेवावे ही त्यांची मागणी होती आणि त्यातूनच गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८० आकारास आला. पुढे १९८० च्या दशकातच 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने आलिशान हॉटेलांच्या पर्यटनाला विरोध केला. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र शासनाने किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामावर निर्बंध आणले. २०११ आणि २०१९ मध्ये त्या अधिसूचनेची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. किनाऱ्यावर कोणाचा हक्क हा प्रश्न तेव्हाही धगधगत होता आणि आजही तो मिटलेला नाही. तीन मित्र ज्या वाळूवर धावतात, तिचा असा इतिहास होता.

'ई तू मामा ताम्बिएन' : प्रवासाला जोडलेले दुसरे निवेदन

क्वारोन यांच्या चित्रपटाचे शीर्षक 'आणि तुझी आईसुद्धा' अशा अर्थाचे, मुलांच्या उर्मट बोलण्यातून उचललेले आहे. आल्फोन्सो आणि कार्लोस या क्वारोन बंधूंनी लिहिलेल्या त्याच्या पटकथेला २००१ च्या व्हेनिस महोत्सवात पुरस्कार मिळाला. हुलिओ (गाएल गार्सिआ बेर्नाल) आणि तेनोच (दिएगो लुना) हे मेक्सिको शहरातील सतरा-अठरा वर्षांचे मित्र आहेत. तेनोच सत्ताधारी पक्षातील बड्या राजकारण्याचा मुलगा, तर हुलिओची आई कार्यालयात सचिव आणि बहीण डाव्या चळवळीतील विद्यार्थिनी. एका लग्नसमारंभात भेटलेल्या लुइसा (मारिबेल वेर्दू) या स्पॅनिश विवाहितेवर छाप पाडण्यासाठी ते 'बोका देल सिएलो', म्हणजे स्वर्गाचे मुख, नावाच्या एका नितांतसुंदर किनाऱ्याचे वर्णन करतात. असा किनारा अस्तित्वातच नसतो. काही दिवसांनी लुइसा खरोखरच यायला तयार होते आणि बहिणीची जुनी मोटार घेऊन तिघे वाहाका प्रांताच्या किनाऱ्याकडे निघतात.

चित्रपटात लैंगिकतेचे चित्रण मोकळे आणि धीट आहे. त्यामुळे त्याच्यावरील बरीच चर्चा त्याच मुद्द्याभोवती फिरली. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे निवेदन. मित्रांची बडबड चालू असताना अचानक सर्व ध्वनी थांबतात आणि एक तटस्थ पुरुषी आवाज प्रेक्षकाला काही माहिती देतो. ही माहिती पात्रांनी एकमेकांना सांगितलेली नसते. पुष्कळदा ती त्यांना ठाऊकही नसते. मग ध्वनी परत येतात आणि थट्टामस्करी पुढे सुरू होते.

या निवेदनाची दोन उदाहरणे पाहू. शहरातील वाहतूक तुंबलेली असताना मुले आपल्याच नादात असतात. निवेदक सांगतो की, एका स्थलांतरित गवंडीकामगाराला वाहनाने धडक दिल्यामुळे ही कोंडी झाली आहे. पादचारी पूल फार दूर बांधल्यामुळे तो रस्ता ओलांडत होता. पुढे प्रवासात एका गावाची पाटी मागे पडते. तेनोच क्षणभर गप्प होतो. निवेदकाकडून आपल्याला कळते की, ज्या दाईने तेनोचला वाढवले तिचे हे गाव. लहानपणी तो तिलाच आई म्हणत असे. त्या गावी तो कधीही गेलेला नाही. तेनोच हे कोणाला सांगत नाही आणि मोटार थांबत नाही. शीर्षकातील 'आई' या शब्दाला त्या क्षणी मिळणारा अर्थ शिवीच्या पलीकडचा आहे.

छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्की यांचा कॅमेराही निवेदकाच्या स्वभावाचा आहे. रस्त्यावरील लष्करी चौक्या, झडती देणारे शेतकरी, उत्सवासाठी दोर आडवा लावून वर्गणी मागणारे ग्रामस्थ हे सारे मोटारीच्या खिडकीतून दिसत राहते. एका खाणावळीत तिघे टेबलावर बोलत असताना कॅमेरा त्यांना सोडून एका वृद्धेच्या मागोमाग थेट स्वयंपाकघरात जातो. तेथे काम करणाऱ्या बायका दिसतात. कथेच्या दृष्टीने तेथे काहीही घडत नाही. तरी प्रवाशांसमोर येणारे अन्न कोठून येते, एवढे पाहून कॅमेरा परत फिरतो.

अखेर ते किनाऱ्यावर पोहोचतात. तेथे त्यांना चुय हा मच्छीमार, त्याची पत्नी माबेल आणि मुले भेटतात. चुय त्यांना होडीतून फिरवतो आणि मुलांनी थापेत रचलेल्या नावाचा किनारा खरोखरच तेथे असल्याचे निघते. याच ठिकाणी निवेदक पुन्हा बोलतो. वर्षाच्या अखेरीस या कुटुंबाला घर सोडावे लागेल, कारण गावाच्या सामूहिक मालकीच्या जमिनीवर एक आलिशान हॉटेल उभे राहील. चुय प्रवाशांना होडीतून फिरवण्याचा व्यवसाय करू पाहील, पण पर्यटन मंडळाचा पाठिंबा असलेले बाहेरचे होडीवाले त्याला ते करू देणार नाहीत. दोन वर्षांनी तो त्याच हॉटेलात सफाईचे काम करू लागेल. तो पुन्हा कधीही मासेमारी करणार नाही.

ही कल्पित पात्राची कहाणी असली तरी तिला वास्तवाचा आधार आहे. चित्रपटातील किनारा ज्या परिसरात चित्रित झाला त्या उआतुल्को भागात १९८० च्या दशकात मेक्सिको शासनाच्या पर्यटन विकास निधीने नियोजित पर्यटनस्थळ उभारले. त्यासाठी स्थानिकांच्या सामूहिक जमिनी संपादित झाल्या आणि वस्त्यांना स्थलांतर करावे लागले. चुयचे भविष्य निवेदक जेव्हा सांगतो, तेव्हा शेजारच्या किनाऱ्यावर ते घडून गेलेले होते.

तुलना : पाहते कोण?

आता दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहू. एक निष्कर्ष चटकन हाती येतो: भारतीय चित्रपटातील मित्र आत्ममग्न, तर मेक्सिकन चित्रपटातील मित्र समाजाभिमुख. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. हुलिओ आणि तेनोच हे आकाश आणि समीर यांच्यापेक्षा तसूभरही अधिक सजग नाहीत. किंबहुना ते अधिक उथळ आणि अधिक आत्मकेंद्री आहेत. चुयच्या पुढील आयुष्याची त्यांना कल्पना नाही आणि ती असण्याची इच्छाही नाही. दोन्ही चित्रपटांतील मित्र किनाऱ्याबाबत सारखेच आंधळे आहेत. भेद आहे तो पात्रांत नसून निवेदनात आहे. क्वारोन यांचा चित्रपट आपल्या पात्रांच्या आंधळेपणात सहभागी होत नाही. 'दिल चाहता है' मात्र आपल्या पात्रांच्या नजरेपलीकडे जात नाही.

हा भेद नैतिक उपदेशाचा नाही, तो रूपाचा आहे. तरुणांनी सहलीला जाताना समाजशास्त्राचा अभ्यास करावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मित्रांबरोबर समुद्रावर असताना जगाचा विसर पडणे हाच तर त्या सुखाचा गाभा आहे आणि क्वारोन तो हिरावून घेत नाहीत. होडीतील तो दिवस, पाण्यातील खेळ, रात्रीचे मद्यपान यांतील आनंद त्यांच्या चित्रपटात पुरेपूर आहे. परंतु हे सुख कोणत्या जागेवर उभे आहे, याची जाणीव प्रेक्षकाला असू शकते आणि त्या जाणिवेमुळे सुख खोटे ठरत नाही. ते क्षणभंगुर आहे, हे अधिक तीव्रतेने कळते. किल्ल्यावरील तिघांना छळणारा प्रश्न, म्हणजे आपण येथे पुन्हा येऊ का, हाच प्रश्न चुयच्या बाबतीतही विचारता येतो, हे क्वारोन यांच्या लक्षात आले. पुन्हा येणाऱ्याला तोच किनारा सापडेल का? 'दिल चाहता है'मध्ये मित्र बदलतात, किनारा बदलत नाही. शेवटी सारे पुन्हा गोव्यात एकत्र येतात तेव्हा तो पहिल्यासारखाच त्यांची वाट पाहत असतो.

दोन्ही कथांमध्ये आणखी एक लक्षणीय साम्य आहे. दोहोंत नायकांपेक्षा वयाने मोठी, विवाहातून दुखावलेली एक स्त्री आहे आणि दोहोंत ती आजाराने मरते. तारा यकृताच्या विकाराने, लुइसा कर्करोगाने. तारा मुंबईत राहते, किनाऱ्याच्या सुखात तिला वाटा नाही. तिचा मृत्यू मात्र दुरावलेल्या मित्रांना रुग्णालयात एकत्र आणण्यास उपयोगी पडतो. लुइसाला आपल्या आजाराची कल्पना प्रवासाच्या आधीच आलेली असते, हे प्रेक्षकाला आणि मित्रांना शेवटी कळते. मुले परत जातात, ती किनाऱ्यावरच राहते. चुयच्या मुलांशी खेळणारी आणि त्या कुटुंबाच्या आधाराने शेवटचे दिवस काढणारी तीच. जिच्याजवळ वेळ सर्वांत कमी आहे, तिलाच आजूबाजूची माणसे दिसतात. ती स्पेनची, म्हणजे त्या भूमीवर एके काळी राज्य करणाऱ्या देशाची आहे, ही गोष्ट या नात्याला आणखी एक पदर देते.

मैत्रीचे फलितही निराळे आहे. 'दिल चाहता है'मधील मैत्री तुटते आणि जुळते. हुलिओ-तेनोच यांची मैत्री किनाऱ्यावरील एका रात्रीनंतर संपते. परस्परांची फसवणूक, वर्गभेद आणि स्वतःविषयी कळलेले सत्य त्यांना पेलत नाही. वर्षभराने योगायोगाने ते एका उपाहारगृहात भेटतात. दरम्यान २००० च्या निवडणुकीत ७१ वर्षे सत्तेवर असलेल्या पक्षाचा पराभव झालेला असतो. दोघे कॉफी घेतात आणि निवेदक सांगतो की, ते पुन्हा कधीही भेटणार नाहीत. ही मैत्री समाजाकडे पाहिल्यामुळे तुटली असे म्हणता येणार नाही. समाजाकडे त्यांनी पाहिलेच नाही. उलट ज्या भिंती त्यांना दिसत नव्हत्या, त्याच भिंतींवर ती आदळली. तिघा मुंबईकरांच्या बाबतीत असे होत नाही, कारण त्यांच्यातील आर्थिक अंतर कथा कधी मोजतच नाही.

दुसऱ्या चित्रपटाची मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून क्वारोन यांचा चित्रपट निर्दोष ठरवणे एकांगी होईल. चुयला त्या चित्रपटात स्थान मिळाले, पण त्याचे भविष्य त्याच्या तोंडून येत नाही. तो प्रवाशांशी बोलतो ते होडीच्या फेरीविषयी आणि जेवणाविषयी. हॉटेलविषयी त्याला काय वाटते, त्याने विरोध केला की नाही, हे कळत नाही. निवेदकाचा आवाज सुशिक्षित आणि शहरी आहे. तो सहानुभूतीने बोलतो, पण निर्णय झालेला आहे अशा सुरात बोलतो. दाई, गवंडी, मच्छीमार या सर्वांची आयुष्ये एकेका परिच्छेदात आटोपतात. गोव्याच्या रापणकारांचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हा सूर खटकल्यावाचून राहणार नाही. कारण किनाऱ्यावरची माणसे केवळ विस्थापित होत नाहीत, ती संघटित होतात, न्यायालयात जातात, कधी कायदा बदलून घेतात. त्यांची ही बाजू दोन्ही चित्रपटांच्या कक्षेबाहेर आहे.

मराठी वाचकाला या मर्यादेची जाणीव लवकर व्हावी, असे मानण्यास आधार आहे. मराठी कादंबरीने किनारा पाहुण्याच्या नजरेने क्वचितच पाहिला. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) पासून 'तुंबाडचे खोत' (१९८७) पर्यंत कोकण ही राहत्या माणसांची भूमी आहे. तेथे जमिनीवरून भांडणे आहेत, खोती आहे, नात्यांचा पीळ आहे. मधु मंगेश कर्णिक यांच्या 'माहीमची खाडी' (१९६९) मध्ये किनारा म्हणजे महानगराच्या कडेला तगून राहणाऱ्यांची वस्ती आहे. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'नारबाची वाडी' (२०१३) या मराठी चित्रपटात आपली वाडी विकायला नकार देणारा म्हातारा (दिलीप प्रभावळकर) कथेचा नायक होतो. मूळ बंगाली नाटकावर बेतलेली ही कथा कोकणात इतकी चपखल बसली, याचे कारण वाडीवर डोळा असलेला बाहेरचा माणूस कोकणाला नवा नाही. या कलाकृतींची जातकुळी वेगळी आहे, त्यांची प्रवासपटांशी सरळ तुलना करता येणार नाही. तरी घरात बसून येणाऱ्या पाहुण्याकडे पाहण्याची दृष्टी आपल्या परंपरेत उपलब्ध आहे, एवढे त्यांवरून सिद्ध होते.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि कोकण रेल्वेची वाहतूक १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. 'दिल चाहता है'तील मोटार ज्या जिल्ह्यांतून न थांबता गेली, तेथेही आता मित्रांचे गट उतरतात. त्यामुळे किनारा कोणाच्या नजरेने पाहावा, हा प्रश्न येथील विद्यार्थ्यांपुरता तरी केवळ सौंदर्यशास्त्राचा उरलेला नाही. त्यांतील काहींच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या गेल्या आहेत, काहींच्या होड्या मासेमारीऐवजी प्रवाशांना डॉल्फिन दाखवायला जातात. हा बदल सर्वस्वी अनिष्ट आहे असे त्यांचे म्हणणे नाही. आपण मात्र कोणाच्याही कथेत नाही, ही त्यांची जाणीव खरी आहे.

समारोप

'दिल चाहता है'ने भारतीय तरुणांना मैत्रीची नवी भाषा दिली आणि तिच्यासाठी एक रिकामा किनारा निवडला. 'ई तू मामा ताम्बिएन'ने तितक्याच आत्ममग्न मित्रांची कथा सांगितली, परंतु त्यांच्या नकळत किनाऱ्यावरच्या माणसांची नोंद ठेवली. पहिल्याचे सुख अधिक निर्मळ आहे, दुसऱ्याचे अधिक खरे आहे. मात्र दुसराही अखेर पाहुण्याचाच चित्रपट आहे. फरक इतकाच की, त्यातील एका पाहुण्याला आपण पाहुणे असल्याचे ठाऊक आहे.

वर्गात विचारलेल्या शंकेचे उत्तर आता असे देता येईल. होड्या त्या चित्रपटात नाहीत, कारण तेथे पाहणारे तिघेच आहेत आणि चौथी नजर निर्माण करण्याची गरज दिग्दर्शकाला वाटली नाही. चित्रपटाचा विषय मैत्री असल्यामुळे होड्या वगळल्या गेल्या, हे प्रस्तुत लेखकाचे पूर्वीचे उत्तर टिकत नाही. कारण मैत्री हाच विषय असलेल्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटात होडी आहे आणि होडीवालाही आहे. तो विद्यार्थी पुढे शिक्षण पूर्ण करून गेला. त्याला हे उत्तर वेळेवर देता आले नाही, याची खंत आहे. आपल्या वर्गांत चित्रपट शिकवताना पात्रांविषयी आपण पुष्कळ प्रश्न विचारतो. दृश्याच्या चौकटीबाहेर कोण उभे आहे, हा प्रश्नही त्यांत असावा आणि त्याचे उत्तर शोधताना त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याचे आधी ऐकावे, असे सुचवावेसे वाटते.